संपाचा हक्क आणि वेठीची आठवण

१

संपाविषयी आपल्या चळवळीत दोन प्रकारचे बोलणे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. एक म्हणणे असे की, संप हा कामगाराचा हक्क आहे, आणि दलित हा कामगारच असल्यामुळे तो त्याचाही हक्क आहे. वेगळे काही बोलण्याचे कारण नाही. दुसरे म्हणणे असे की, संप पुकारणारे सवर्ण, तडजोड करणारे सवर्ण, उपासमार मात्र आपली. ही दोन्ही म्हणणी आमच्या घरातच नांदत होती. ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात चालत गेलेले आजोबा पहिले म्हणणे मांडत. १९८२ च्या संपात घराची भांडी विकलेले वडील दुसरे मांडत.

१९८२ साली वडील एका गिरणीच्या रिंग खात्यात बदली कामगार होते. एके दिवशी गिरणीच्या दरवाजावर कागद चिकटवलेला दिसला. कोर्टाचा मनाई हुकूम होता. दरवाजापासून ठराविक अंतराच्या आत जमू नये, घोषणा देऊ नयेत, कामावर जाणाऱ्यास अडवू नये, असे त्यात होते. मी तेव्हा शाळेत होतो. वडिलांनी तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "गावात पाणवठ्यापास्नं लांब उभं ऱ्हा म्हनायचे, हितं गिरनीपास्नं. काम सोडलं की तितंबी गुन्हा, हितंबी गुन्हा."

पुढे कामगारविषयक कायदे आणि निकाल वाचू लागलो तेव्हा वडिलांचे हे बोलणे मला पुन्हा पुन्हा आठवत राहिले. कायद्याच्या ग्रंथांत संपाचा इतिहास कामगार आणि मालक यांच्यातील कराराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वडिलांनी तो वेठीचा इतिहास म्हणून वाचला होता. प्रस्तुत लेखात मी या दुसऱ्या वाचनाचा पाठपुरावा करणार आहे. संपाचा हक्क म्हणजे काम नाकारण्याचा हक्क. ज्या समाजाला शेकडो वर्षे काम नाकारण्याची मुभाच नव्हती त्या समाजाने न्यायालयांचे हे निकाल कसे वाचावेत, हा माझा प्रश्न आहे.

२

गावगाड्यातील महाराचे काम ठरलेले नव्हते. सरकारी टपाल पोचवणे, अंमलदारांच्या पुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे, लाकडे फोडणे, मर्तिकाचा सांगावा परगावी नेणे, असे काहीही. वेळ ठरलेली नव्हती, मोबदला ठरलेला नव्हता. इनामाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेले बलुते, एवढ्यावर सबंध कुळाचे श्रम गावाच्या आणि सरकारच्या दावणीला बांधलेले होते. इंग्रज सरकारने ही बांधिलकी मोडली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने तिला कागदावर आणून पक्के केले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले ते यासाठीच. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

१९२७ च्या महाड परिषदेनंतर गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले. कामगार चळवळीच्या इतिहासात या नकाराची नोंद संप म्हणून झालेली नाही. मात्र तो संपच होता. आणि गावाने त्याला दिलेले उत्तर टाळेबंदीचे होते: दुकान बंद, दळण बंद, शेतातले काम बंद, वाट बंद. बहिष्कार हे सवर्णांच्या हातातले हत्यार किती धारदार आहे हे आपल्या माणसांनी त्या काळात अंगावर भोगले आहे.

शहरातल्या कामगारासाठीही कायदा फारसा निराळा नव्हता. १८५९ च्या करारभंगाच्या कायद्याप्रमाणे उचल घेतलेल्या कारागिराने वा मजुराने काम सोडले तर मालक त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करू शकत असे. मॅजिस्ट्रेटने काम कर म्हटल्यावरही तो गेला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर तो दिवाणी वाद, मजुराने मोडला तर तुरुंग. तो रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला आणि १९२६ पासून तो अमलात आला. दंड संहितेतील त्याच जातीची ४९० आणि ४९२ ही कलमेही त्याच वेळी गेली. म्हणजे हिंदुस्थानातील मजुराला 'मी उद्यापासून येत नाही' असे म्हणून तुरुंगाबाहेर राहण्याची खात्री मिळून अजून शंभर वर्षेच झाली आहेत.

३

एकट्याने काम सोडणे आणि सर्वांनी मिळून सोडणे यांत कायदा फरक करतो. या दुसऱ्या गोष्टीची कसोटी हिंदुस्थानात प्रथम मद्रासमध्ये लागली, आणि त्या कसोटीत आपल्या समाजाचाही एक कडू अध्याय आहे.

पेरांबूर येथील बकिंगहॅम आणि कर्नाटिक या बिन्नी कंपनीच्या गिरण्या. १९१८ च्या एप्रिलमध्ये तेथे मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. अध्यक्ष होते बी. पी. वाडिया, मुंबईत जन्मलेले पारशी, ॲनी बेझंट यांचे सहकारी. १९२० च्या अखेरीस तंटा विकोपाला गेला, डिसेंबरात पोलिसांचा गोळीबार होऊन कामगार मेले. कंपनीने मद्रास हायकोर्टात वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. कामगारांना करार मोडण्यास चिथावून आमचे नुकसान केले, ते भरून द्या, असा. कोर्टाने त्यांना कामगारांना तशी चिथावणी देण्यास मनाई करणारा हुकूम काढला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. इंग्लंडमध्ये १९०१ च्या टॅफ व्हेल खटल्यात असेच झाले होते. रेल्वे कंपनीला झालेले नुकसान युनियनने भरावे असे तेथील वरिष्ठ न्यायालयाने ठरवले. इंग्रज कामगारांनी त्यावर रान उठवले आणि १९०६ साली पार्लमेंटकडून संरक्षणाचा कायदा करून घेतला. मद्रासच्या कोर्टाने इंग्लंडचे जुने न्यायतत्त्व उचलले, परंतु त्यावर उतारा म्हणून झालेला १९०६ चा कायदा हिंदुस्थानला लागू नव्हता. आजार आयात झाला, औषध मात्र बंदरातच राहिले. वाडियांना युनियनमधून बाजूला व्हावे लागले, तेव्हा कंपनीने दावा सोडला.

या एका हुकुमाने देशभरच्या कामगार पुढाऱ्यांचे डोळे उघडले. १९२१ च्या मार्चमध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ट्रेड युनियनच्या कायद्याची मागणी करणारा ठराव मांडला. १९२६ साली कायदा झाला, १ जून १९२७ पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने नोंदलेल्या युनियनच्या माणसांना फौजदारी कटाच्या आरोपापासून, आणि १८ व्या कलमाने करार मोडण्यास प्रवृत्त केल्याच्या दिवाणी दाव्यापासून संरक्षण दिले. संपकऱ्याच्या पाठीशी कायद्याचे जे काही बळ उभे राहिले त्याचा पाया ही दोन कलमे आहेत.

पण त्याच गिरण्यांत १९२१ साली पुन्हा संप झाला, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला. या संपात सवर्ण हिंदू आणि मुसलमान कामगार बाहेर राहिले, आदि-द्रविड कामगार मोठ्या संख्येने कामावर गेले. त्यांचे पुढारी एम. सी. राजा यांनी त्यांची बाजू उचलून धरली. पुलियनतोप भागात दंगली झाल्या. आदि-द्रविडांच्या झोपड्या जळाल्या, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दोन्हीकडची माणसे मेली. जस्टिस पक्षाच्या पुढाऱ्यांनी उलट सरकारच्या मजूर खात्यावरच ठपका ठेवला, की तुम्ही आदि-द्रविडांचे लाड करता.

आदि-द्रविड संपफोडे होते काय? कामगार चळवळीच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख बहुधा तसाच येतो. मला या प्रश्नाचे सोपे उत्तर देता येत नाही. ज्याच्या घरात एका दिवसाचे धान्य नाही त्याला महिनोन्‌महिने चालणाऱ्या संपाचे आवाहन करताना, ज्या चेरीत तो राहतो तिच्याशी युनियनचे काय नाते होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. आणि हेही कबूल केले पाहिजे की, मालक आणि सरकार यांनी त्या दुराव्याचा पुरेपूर फायदा घेतला. पिकेटिंगची रांग ही एकजुटीची रांग असते असे आपण म्हणतो. पुलियनतोपला ती रांग जातीच्या रेषेवरूनच गेली होती.

४

मुंबईतही ती रेषा होती. गिरणीत अस्पृश्य कामगार होते, पण विणाई खात्यात नव्हते. तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, तुटला तर थुंकीने ओला करून जोडावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड कसा लावणार? पगार मात्र याच खात्यात अधिक. हा नियम मालकाने केलेला नव्हता, कोणत्या कायद्याने केलेला नव्हता, कामगारांनीच तो पाळला होता.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. विणाई खात्याचा दरवाजा अस्पृश्यांना उघडा करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमच्या लोकांना या संपातून बाजूला होण्यास सांगू, असे त्यांना बजावावे लागले. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने मान्य केली. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला. यावरून ते संपाच्या विरोधी होते असा अर्थ काढणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत.

तो अर्थ किती चुकीचा आहे हे १९३८ ने दाखवले. मुंबई इलाख्यात काँग्रेसचे, बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. सप्टेंबरात त्यांनी औद्योगिक तंट्यांचे बिल आणले. तडजोडीची सर्व प्रक्रिया पार पडण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर आणि त्याला तुरुंगाची शिक्षा, हा त्याचा गाभा. १९२९ च्या ट्रेड डिस्प्युट्स ॲक्टने सार्वजनिक सोयींच्या सेवांत पूर्वसूचनेशिवाय होणारे संप आणि राजकीय स्वरूपाचे संप यांच्यावर बंधने आणली होती. हे बिल त्याच्या पुष्कळ पुढे गेले होते.

१५ सप्टेंबर १९३८ रोजी बाबासाहेब या बिलावर बोलले. त्या भाषणाची मांडणी वकिलाची आहे, पण तिचा उगम वेठीच्या अनुभवात आहे असे मला प्रत्येक वाचनात वाटते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग. करारभंग ही दिवाणी चूक आहे, गुन्हा नाही. नुकसान झाले तर भरपाई मागा, पण माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावण्यासाठी तुरुंगाचा धाक घालाल तर ती गुलामगिरी झाली. म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. या बिलाला कामगारांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा म्हणावे, असेही ते म्हणाले.

अन्य कामगार पुढारी संपाचे समर्थन करताना वेतन, महागाई, नफा यांचे हिशेब मांडत, आणि ते योग्यच होते. बाबासाहेबांनी त्याच्या तळाशी असलेली गोष्ट उचलली. माणूस आपल्या श्रमाचा धनी आहे की नाही? गावाने महाराला 'नाही' असे उत्तर दिले होते. तेच उत्तर लोकनियुक्त मंत्रिमंडळ गिरणी कामगाराला देत होते.

७ नोव्हेंबर १९३८ चा एक दिवसाचा संप स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून केला. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी विणाई खात्यावरून वाद झाला होता त्यांच्याबरोबरच बाबासाहेब त्या दिवशी कामगारांत उभे राहिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. १९२८ आणि १९३८ यांत विसंगती नाही. युनियनमधल्या जातीशी भांडणे आणि संपाच्या हक्कासाठी युनियनबरोबर उभे राहणे, ही एकाच धोरणाची दोन अंगे आहेत.

एक गोष्ट येथे लपवता कामा नये. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि युद्धकाळातील भारत संरक्षण नियमांतला ८१-अ हा संपबंदीचा नियम त्या काळात चालू होता. फॅसिझमविरुद्धच्या युद्धात उत्पादन थांबू नये अशी त्यांची भूमिका होती. पण त्याच काळात, १९४३ साली, मालकांनी युनियनला मान्यता देणे सक्तीचे करणारे बिलही त्यांनीच आणले. १९४७ साली ती दुरुस्ती मंजूर झाली, पण अमलात कधीच आली नाही. युद्धकाळाचा संपबंदीचा साचा मात्र १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कायम झाला. राज्यकर्त्यांनी बाबासाहेबांच्या कामातून काय उचलले आणि काय टाकले ते यावरून दिसते.

५

संविधान आले. १९ व्या अनुच्छेदाने संघटना करण्याचे स्वातंत्र्य दिले. संघटना करता येते तर संपही करता येतो काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे जाणारच होता.

१९६१ साली अखिल भारतीय बँक कर्मचारी संघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संघटना स्थापन करण्याचा हक्क मूलभूत आहे, पण संघटनेचा हेतू सफल होण्याची हमी त्यात नाही. म्हणून संप हा मूलभूत हक्क नाही. पुढच्याच वर्षी कामेश्वर प्रसाद खटल्यात बिहार सरकारच्या नोकरांना निदर्शने आणि संप या दोहोंची बंदी करणारा नियम तपासला गेला. शांततेची निदर्शने हे विचारप्रकटन आहे, त्यावरची सरसकट बंदी अवैध. संपावरची बंदी मात्र वैध, असा निकाल लागला. म्हणजे ओरडा, पण काम थांबवू नका.

पिकेटिंगची गोष्ट याच दोन निकालांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभी आहे. बोलणे, फलक धरणे, कामावर जाणाऱ्याला हात जोडून विनवणे, इथपर्यंत ते विचारप्रकटन. वाट अडवली की गुन्हा. १९३२ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीचे ७ वे कलम दारू आणि परदेशी कापडाच्या दुकानांवरील सत्याग्रहींसाठी केलेले होते, पुढे ते संपकऱ्यांवरही चालवले गेले. १९६७ साली पश्चिम बंगालच्या संयुक्त आघाडी सरकारने घेरावाच्या प्रसंगी पोलिसांनी मजूरमंत्र्यांना विचारल्याशिवाय हस्तक्षेप करू नये अशी परिपत्रके काढली. जय इंजिनिअरिंग खटल्यात कलकत्ता हायकोर्टाने ती रद्द केली आणि १९२६ च्या कायद्यातील संरक्षण घेरावाला मिळत नाही असे ठरवले. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने, कामावर जाऊ इच्छिणाऱ्यांना शरीराने अडवणारे पिकेटिंग ही युनियनची अनुचित प्रथा ठरवली.

हे नियम मला मुळात वाईट वाटत नाहीत. पुलियनतोपच्या आदि-द्रविडाला कामावर जाताना मारहाण होऊ नये, हे मला मान्य आहे. गावाने ज्याची वाट अडवली त्या समाजाचा माणूस कोणाचीही वाट अडवण्याचे तत्त्व कसे उचलून धरील? तक्रार निराळी आहे. वाट न अडवता, हात न उगारता उभे राहण्याचा हक्क कामेश्वर प्रसाद खटल्याने दिला. पण गिरणीच्या दरवाजावर चिकटवलेल्या हुकुमाने दरवाजापासूनच दूर हटवले की त्या हक्काचे काय उरते? ज्याला ऐकवायचे तो दरवाजात, बोलणारा रस्त्याच्या टोकाला.

काही निकालांनी कामगाराला आधारही दिला. रोहतास इंडस्ट्रीज खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बेकायदेशीर संपासाठी कायद्यात शिक्षा सांगितलेली आहे, त्यापलीकडे मालकाचे नुकसान कामगारांकडून वसूल करता येणार नाही. वाडियांवर लावलेल्या दाव्याला पंचावन्न वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते. १९८९ च्या बी. आर. सिंग खटल्यातही, संप मूलभूत हक्क नसला तरी ते कामगारांच्या हातातले महत्त्वाचे साधन असल्याचे मान्य झाले.

पण मुंबईच्या गिरणी कामगाराचे नशीब दुसऱ्याच धाग्याने बांधले गेले होते. ज्या १९३८ च्या कायद्याविरुद्ध आजोबा चालत गेले, त्याचाच वारस म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्यात एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन. तिने सही केली की सर्वांनी सही केली. गिरजाशंकर काशीराम खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, प्रातिनिधिक युनियन हजर असताना कामगाराला स्वतःच्या खटल्यात स्वतः उभे राहता येणार नाही. मुंबईत ही युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, पण कायद्याच्या लेखी सामंत त्यांचे कोणीच नव्हते आणि संप बेकायदेशीर होता. अडीच लाख माणसांचा नकार कायद्याला ऐकूच आला नाही. वडिलांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही.

६ ऑगस्ट २००३ रोजी टी. के. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा खिळा ठोकला. तामिळनाडू सरकारने संपावरील सुमारे एक लाख सत्तर हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढून टाकले होते. न्यायालयाने म्हटले, सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर हक्क नाही आणि नैतिक हक्कही नाही. पहिल्या दोहोंवर वकील वाद घालोत. नैतिक हक्काविषयी बोलण्याचा अधिकार मात्र मी सोडायला तयार नाही. वेठ नाकारण्याला ज्यांच्या पूर्वजांनी घरेदारे गमावली, त्यांना नैतिकता कोर्टाकडून शिकावी लागत नाही.

६

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहिला त्याकडे येतो. १९४७ च्या कायद्याने सार्वजनिक मलनिःसारण व सफाई ही 'सार्वजनिक उपयोगी सेवा' ठरवली. अशा सेवेत नोटिशीविना संप केला की तो बेकायदेशीर. शिक्षा एक महिना कैद, वा पन्नास रुपये दंड. नागपूर महानगरपालिकेच्या १९६० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पालिकेचे काम हा उद्योग आणि तेथील नोकर हा कामगार असे मानले, तो मोठा लाभ होता. पण सफाई कामगाराने काम थांबवले की समाजाचा सूर बदलतो. १९४६ साली गांधीजींनी 'हरिजन'मध्ये, भंग्याने एक दिवसही काम सोडू नये, असे लिहिले. ३१ जुलै १९५७ रोजी दिल्लीत सफाई कामगारांच्या संपात पोलिसांनी गोळी चालवली, भूपसिंग मारला गेला. त्याचा स्मृतिदिन आजही पाळला जातो. अत्यावश्यक सेवा कायदे केंद्रात आणि राज्यांत आले, आणि संपबंदीचा हुकूम निघाला की झाडूवाला त्यात असतोच.

सेवा अत्यावश्यक आहे हे मान्य. रोगराई पसरू नये हेही मान्य. पण ही सेवा कोण करतो? देशातल्या कोणत्याही शहरात उतरून पाहा, गटारात उतरणारा माणूस कोणत्या जातीचा आहे. ज्या कामात जवळपास एकाच जातिसमूहाची माणसे आहेत त्या कामावर संपबंदी घालणे म्हणजे त्या जातीवर संपबंदी घालणे आहे. संविधानाचा २३ वा अनुच्छेद वेठीला बंदी करतो. सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा तो राज्याला देतो, पण तसे करताना धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करू नये अशी अट घालतो. ही अट आणि सफाई कामगारांवरची संपबंदी एका पानावर ठेवून वाचावी असे मला वाटते. वर उल्लेखिलेल्या निकालांनी संप १९ व्या अनुच्छेदात शोधला. तो तेथे सापडला नाही. २३ व्या अनुच्छेदात तो शोधला गेला असता तर?

हे वाचन नुसती कल्पना नाही. १९८२ साली, म्हणजे वडिलांच्या संपाच्याच वर्षी, एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करणारा माणूस भुकेच्या सक्तीने राबतो आणि ती २३ व्या अनुच्छेदातील सक्तीची मजुरीच आहे. भूक ही सक्ती ठरते, तर तुरुंगाचा आणि बडतर्फीचा धाक सक्ती का ठरू नये? बाबासाहेबांनी १९३८ साली हाच प्रश्न विधिमंडळात विचारला होता. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

उलट दोर आवळत चालला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पूर्वी सार्वजनिक सेवांपुरती असलेली चौदा दिवसांच्या नोटिशीची अट आता सर्व उद्योगांना आली. निम्म्या वा अधिक कामगारांनी एकाच दिवशी रजा घेतली तर तोही संप. १९२६ चे संरक्षण संहितेत उतरले आहे, पण ज्या संपाला संरक्षण द्यायचे तो कायदेशीर राहण्याची वाटच अरुंद झाली आहे. सफाई कामगाराला जी बंधने आधीपासून होती ती आज सर्व कामगारांच्या पायात पडली आहेत. जो फास आधी खालच्या माणसाच्या गळ्यात पडतो तो पुढे वर चढतो, हे सवर्ण कामगार बंधूंनी आता तरी ओळखावे.

आजोबा आणि वडील यांच्या वादाचा निकाल मी कसा लावू? आजोबांचे खरे आहे: काम नाकारण्याचा हक्क हा आपल्या मुक्तीचा पहिला हक्क आहे आणि त्यासाठी कोणाबरोबरही उभे राहिले पाहिजे. वडिलांचेही खरे आहे: ज्या युनियनच्या विणाई खात्याचा दरवाजा आपल्याला बंद आहे तिच्या संपात आपण उपाशी मरायचे आणि तडजोडीच्या टेबलावर आपले कोणी नसायचे, हे यापुढे चालणार नाही. सफाई कंत्राटदाराकडच्या मजुराला युनियनचे सभासद करून घ्या, त्याला कार्यकारिणीत बसवा, त्याची मागणी पहिल्या पानावर लिहा. मग पिकेटिंगच्या रांगेत तो शेवटपर्यंत उभा राहतो की नाही ते पाहा.

वडील गेल्या वर्षी वारले. मनाई हुकुमाचा तो कागद त्यांनी कधी फाडून घरी आणला होता कोणास ठाऊक, त्यांच्या पेटीत बदली कार्डाबरोबर घडी करून ठेवलेला सापडला. मी तो पुन्हा वाचला. तेव्हा न कळलेला एक शब्द आता कळला: हुकुमात कामगारांना 'प्रतिवादी' म्हटले आहे. वतनदारीच्या कागदांत महार कधी वादी नव्हता आणि प्रतिवादीही नव्हता, तो नुसता राबणारा होता. बाबासाहेबांमुळे आपण प्रतिवादी झालो. आता वादी होऊन, २३ वा अनुच्छेद हातात घेऊन, त्याच दरवाजाने आत गेले पाहिजे.